भोंगा

"सही इथं करा," म्हणत नर्सनं कागद थोरल्याच्या मांडीवर ठेवला आणि ती गेली.

बापाचं दुसरं ऑपरेशन. थोरल्यानं पेनाचं टोपण काढलं आणि नुसताच बसून राहिला. वीस दिवसांत त्याचं डोकं पार बधिर झालं होतं. औषध आण म्हटलं की आणायचं, सही कर म्हटलं की करायची.

बापानं चौतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात माग चालवला. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. आवाज तसाच, आणि बोलणंही तसंच. आडपडदा माहीतच नाही. मुकादम असो नाहीतर मालक, जे काय असेल ते तोंडावर, ठणकावून. थोरला चाळिशीला टेकला तरी तो आवाज आला की हातातलं टाकून उभा राहायचा. मग डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, गळ्याला नळी बसवली आणि भोंगा बंद झाला. पाटी दिली, तर बापानं ती भिरकावून दिली. अक्षराशी त्याची कधी गाठच पडली नव्हती.

ओठ तेवढे हलायचे. "तोंड कोरडं पडतं हो," नर्स म्हणाली होती. म्हणून ओठ हलले रे हलले की थोरला त्यावर ओला कापूस फिरवायचा.

आताही हलले. थोरल्यानं कापूस उचलला, तेवढ्यात जोडीदार आला. भोंग्याच्या समोरच्या मागावर जन्म काढलेला, ठार बहिरा म्हातारा. लेकीकडे गेला होता, त्याला कालच कळलं.

"काका, बाबांना बोलता येत नाही आता," थोरला त्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडला.

"मला तरी कुठं ऐकू येतं?" म्हणत म्हाताऱ्यानं स्टूल ओढलं आणि बरोबर भोंग्याच्या तोंडासमोर बसला. कारखान्यात बसायचा तसा. तिथं मागांच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू यायचं? चौतीस वर्षं दोघं ओठांवरच बोलले होते.

भोंग्याचे ओठ हलले. म्हाताऱ्यानं मान डोलावली. मध्येच फिसकन हसला. मग हसू मावळलं.

"म्हणतो, आता सुरी नको. खूप झालं. घरी ने, खिडकीजवळच्या खाटेवर टाक. पहिल्या दिवसापासून सांगतोय म्हणे. बोलायला तोंड उघडलं की तू कापूस कोंबतोस. मधल्या शिव्या तुला सांगत नाही."

थोरल्यानं हातातल्या कापसाकडे पाहिलं. तो खाली ठेवला. मग पेनाला टोपण लावलं.

भोंग्यानं पुन्हा तोंड उघडलं. मोठं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे लाल झाले. खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता.

ठार बहिऱ्या म्हाताऱ्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अरे, हळू बोल ना जरा! दवाखाना आहे."