कोतातला रिकामा खिळा

"पप्पा, कात्री हवी होती," संध्या म्हणाली. "छोटी, वाकड्या टोकाची."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "कशाला?"

"राजसीची नखं वाढलीत. गालावर ओरखडा काढून घेतलाय तिनं."

"आई येऊ दे."

"आई परवा येणार बदलापूरहून. तोवर डोळ्यात जाईल एखादं."

त्यांनी पुन्हा पेपर वर धरला.

दोनची गोळी घेतली की चिखलोलीतलं हे सातव्या मजल्यावरचं घर संथ तरंगायला लागायचं. पडदा फुगायचा, बसायचा. पाळण्यात आठ महिन्यांची राजसी पाणी ढवळल्यासारखी हवेत बोटं फिरवत होती. संध्याची नजर त्या नखांवरून हलत नव्हती. दर रविवारी ती सासूबाईच कापायच्या. आज तरी आपण कापावीत, एवढंच तिला वाटत होतं.

बेल वाजली. शेजारची मालिनी होती.

"काका, मोठी सुरी द्या ना. माझ्या सुरीनं भोपळ्यापुढं हात टेकले."

सासऱ्यांनी, भगवानरावांनी, कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. सुऱ्या, विळी, कात्र्या, संध्याच्या नवऱ्याचा, आकाशचा हातोडा, सुयांची डबी, सगळं आपापल्या जागी.

"अगं बाई. दुकान काढताय की काय?"

"कोत आहे हे," ते म्हणाले. "फौजेत हत्यारं ठेवायची खोली. बावीस वर्षं किल्ली माझ्याकडं होती."

"म्हणजे शस्त्रागारच की," संध्या हसली. तिचं बीए इतिहासातलं. "पूर्वी शिलेखाना म्हणायचे."

"काहीही म्हणा. बिल्ला लावल्याशिवाय सुईसुद्धा बाहेर पडत नाही."

त्यांनी आपल्या नावाच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून सुरीच्या जागी लावला. दाराच्या आत असे चार खिळे होते. सासूबाई भागीरथी आणि आकाश यांचे बिल्ले जागेवर होते. 'संध्या' लिहिलेला खिळा रिकामा होता.

"वहिनी, तुमचा कुठंय?"

"कॅम्प दोनच्या दुकानात दिलाय," संध्या पटकन म्हणाली. "नाव पुसट झालं होतं, परत कोरायला."

सासऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"आणि फौजेत कुणाचा हरवला तर, काका?"

"हरवत नाही. काढून घेतात."

"बाप रे. सांभाळा हो वहिनी या हवालदारांना." मालिनी हसत सुरी घेऊन गेली.

घर पुन्हा तरंगायला लागलं. बाळंतपणानंतरचे दिवस संध्याला असेच आठवत, पाण्याखालून पाहिल्यासारखे. फुगलेला पडदा. कुणीतरी लांबून मारलेली हाक. कपाळावर सासूबाईंचा गार हात.

पाळण्यात राजसी किंचाळली. दुसरा ओरखडा डोळ्याच्या अगदी खाली उमटला होता.

"पप्पा, मला कापू द्या. तुम्ही समोर बसा हवं तर."

"हात पुढं कर."

तिनं दोन्ही हात पुढं केले. परत आलेली बंदूक तपासावी तसे ते बराच वेळ त्या हातांकडं पाहत राहिले. बोटं स्थिर होती.

मग त्यांनी बिल्ला न लावताच स्वतः कात्री काढून तिच्या हातात दिली आणि पाळण्यापाशी खुर्ची ओढली.

एकेक नख तांदळाच्या कणीसारखं पदरात पडलं. राजसी आईच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती. दहावं नख पडलं तेव्हा सासऱ्यांनी रोखलेला श्वास सोडला.

"झालं," संध्या म्हणाली आणि कात्री परत दिली.

"छान कापलीस, पोरी."

त्यांनी ती जागेवर ठेवली. मग सदऱ्याच्या खिशातून एक पितळी बिल्ला काढला आणि चौथ्या खिळ्याला अडकवला. सात महिने खिशात घासून त्याच्या कडा चमकत होत्या. त्यांनी तो काढून घेतला त्या दुपारी हीच कात्री संध्याच्या मुठीत होती, आणि तिचं टोक राजसीच्या गळ्याशी.