तराजूची चिठ्ठी

काचेच्या पेटीत खट्ट आवाज झाला. तराजूची दांडी घसरली, एक पारडं निखळून पडलं आणि काटा वाकला. पाहणी समितीच्या अध्यक्षांचा हात वजनासकट हवेतच राहिला. दांडी वर उचललेली असताना पारड्यात वजन टाकायचं नसतं, हे इथं पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच तासाला सांगतात.

"असू द्या, असू द्या," प्राचार्यबाई घाईघाईनं म्हणाल्या. "जुनाच होता तो."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मामांच्या काळजात चर्र झालं. मामा म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई, पण गेली एकोणतीस वर्षं सगळ्या कॉलेजचे मामा. जुना म्हणून काय झालं? मोहरीच्या दाण्याला डुलायचा तो तराजू!

या प्रयोगशाळेची एक रीत होती. ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं. त्याच्याआधी ती वस्तू ज्यानं जोडली असेल, त्यानं त्याला शिकवायचं. मग वस्तूला चिठ्ठी बांधायची: कुणी मोडलं, कुणी जोडलं, कुणी शिकवलं. सरकारी कॉलेजात नवं उपकरण येऊन चौदा वर्षं झाली होती, आणि सगळा गाडा या रितीवर चालला होता. मामा त्यात कुणाची गय करत नसत. आजच्या प्राचार्यबाई इथं शिकायला होत्या तेव्हा त्यासुद्धा सुटल्या नव्हत्या.

पण कालच बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. "मामा, जिथं तिथं 'मोडलं, मोडलं' लिहिलेलं दिसलं तर समिती काय म्हणेल? शेरा वाईट आला तर आपला विभाग बंद होईल. ही मुलं मग कुठं जातील?"

बाईंचंही खोटं नव्हतं. या मुलांना दुसरं कॉलेज दारात उभं करणार नव्हतं. मामांनी मुकाट्यानं चिठ्ठ्या सोडवल्या आणि बिस्किटांच्या डब्यात भरल्या. एकेक गाठ सोडताना त्यांना स्वतःच्याच घराच्या विटा काढल्यासारखं वाटत होतं.

अध्यक्षांनी रुमालानं बोटं पुसली. "उपकरणं जुनी आणि कमकुवत," ते सोबतच्या सदस्याला म्हणाले. "उणिवांमध्ये लिहून घ्या."

मामांचं डोकंच फिरलं. चूक तुमची आणि शिक्षा तराजूला? तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या चष्मिशशी त्यांची नजरानजर झाली. ही दुसऱ्या वर्षाची मुलगी. परवा तिनं हाच तराजू अगदी अस्साच पाडला होता, आणि तो सरळ होईपर्यंत मामांनी तिला तीन तास जागेवरून हलू दिलं नव्हतं. तिची शेवटची बस चुकली होती. आता ती नुसती मामांकडे बघत होती. बोललो तर विभागावर संक्रांत, मामांना वाटलं, आणि गप्प बसलो तर या पोरीला पुन्हा तोंड कसं दाखवू?

त्यांनी खण उघडला. चिमटा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर काढून अध्यक्षांसमोर ठेवले.

"साहेब, इथं ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं असतं. बसा. ही पोरगी शिकवेल तुम्हाला."

प्राचार्यबाईंनी डोळेच मिटून घेतले. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. "मी?"

"आजवर कुणी सुटलेलं नाही, साहेब. बाईसुद्धा नाहीत."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हळूच डोळे उघडले, पदर सावरला आणि का कोण जाणे, एकदम ताठ उभ्या राहिल्या.

"स्टॉपवॉच होतं," त्या म्हणाल्या. "मला चार दिवस लागले होते."

अध्यक्षांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि स्टुलावर बसले.

"उलटं फिरवताय, सर," चष्मिश म्हणाली. थोड्या वेळानं, "अहो, श्वास नका ना सोडू काट्यावर!" सदस्यानं अहवालाची फाईल बाजूला ठेवून बॅटरी धरली. चहा आला आणि गार होऊन परत गेला. अध्यक्षांनी दोनदा बोट कापून घेतलं, एकदा चक्क हार मानली, पण चष्मिश काही उठू देईना. एक तास दहा मिनिटांनी काटा मधोमध उभा राहिला. अध्यक्षांनी कागदाचा टिकलीएवढा कपटा पारड्यात टाकला. काटा झुकला. साठीचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा हसला.

"झालं?"

"चिठ्ठी राहिली," मामा म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांचा डबा आणून समोर ओतला. अध्यक्ष बराच वेळ त्या शेकडो चिठ्ठ्या चाळत राहिले. मग त्यांनी दोन कोऱ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. एक लिहून तराजूला बांधली, दुसरी लिहून खिशात घातली आणि निघून गेले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. बाईंनी तो प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर वाचला. उणिवा दीड पान होत्या. छत गळतं. खुर्च्या अपुऱ्या. उपकरणं जुनी. एकही खोटी नव्हती. मामा टेबलाची कड घट्ट धरून ऐकत होते.

"शिफारस," बाईंनी वाचलं. "विभाग चालू ठेवावा. कारण पुढील पानावर, 'बलस्थाने' या रकान्यात पाहावे."

बाईंनी पान उलटलं आणि तो कागद तसाच मामांच्या हातात दिला. त्या रकान्यात समितीनं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तिथं टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती.

कुणी मोडलं: समितीच्या अध्यक्षांनी.
कुणी जोडलं: समितीच्या अध्यक्षांनी.
कुणी शिकवलं: या कॉलेजच्या विद्यार्थिनीनं.