पानावरचा घास

दहाव्याचा पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवत नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी अचानक गेलेल्या नट निषादचे चाहते घाटावर ताटकळले होते. त्याची आई, कुमुदबाई, पायरीवर बसून होत्या. दहा दिवस लोकांचं ऐकून त्या थकल्या होत्या.

टीव्ही वाहिनीच्या वार्ताहर मुलीने त्यांच्यापुढे टॅबचा पडदा धरला. त्यात निषाद हसत होता. तो गेला त्याच संध्याकाळी, जुन्या मुलाखतींवरून वाहिनीने एआयच्या मदतीने त्याला पुन्हा बोलतं केलं होतं.

"काकू, त्यालाच विचारू या ना! निषाद, कोणती इच्छा राहिली रे?"

"आईच्या हातची पुरणपोळी."

चाहत्यांना रडू फुटलं. चौघे पोळ्या आणायला धावले. पानावर पोळ्यांची चळत झाली, पण कावळा कठड्यावरून हलला नाही.

"पुरणाने त्याला ओकारी यायची," कुमुदबाई शेजारी बसलेल्या दिरांना हळूच म्हणाल्या. "मुलाखतीत शोभून दिसतं म्हणून सांगायचा, लबाड."

त्यांनी पिशवीतली पुडी सोडली आणि पदराआडून मूठभर भडंग पानाच्या कडेला सरकवलं. कावळा उतरला, चोच भरून उडाला. घाटावर टाळ्या वाजल्या.

"आई, काय ठेवलंस गं?" पडद्यातून हुबेहूब त्याच्या आवाजात प्रश्न आला.

"सांगा ना काकू," मुलगी म्हणाली, "म्हणजे तो कायमचं लक्षात ठेवेल."

शब्द ओठांवर आला होता. कुमुदबाईंनी पुडीला गाठ मारली.

"पुरणपोळीच रे," त्या म्हणाल्या.