तपकिरी ठिपके

काचपट्टीवर उंदराच्या लहान मेंदूचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाचा, पातळ काप होता. कुमुदताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तशी देवस्थळी सरांनी मागून त्यांची खुर्ची घट्ट धरली. चालताना कुमुदताईंचा तोल जायचा, अगदी सरांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांसारखाच. अंगणात पडल्यापासून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं; आज सरच त्यांना आग्रहानं प्रयोगशाळेत घेऊन आले होते. काठी त्यांना नको होती, आणि चारचौघांत बायकोचा हात धरायला सरांना संकोच वाटायचा.

"हे तपकिरी ठिपके कसले हो?"

"ताणाचं प्रथिन. पेशी संकटात सापडली की ते वाढतं. इतर प्रथिनांच्या सोबत राहतं, त्यांना कोसळू देत नाही." सर अडखळले. "आजार मात्र बरा करत नाही. आयुष्यभर उंदीर पाळले, पण तुझ्यासाठी औषध काही सापडलं नाही."

"अहो, म्हणजे ही पाठराखीणच की!" कुमुदताई हसल्या. "लग्नानंतर माझ्यासोबत आत्या आली होती, आठवतं? सासर काही तिनं सोपं केलं नाही. नुसती शेजारी बसायची. पण तेवढ्यावर मी निभावलं."

दोघं बाहेर आली. पायऱ्यांवर विद्यार्थी चहा पीत बसले होते. कुमुदताईंनी सवयीनं भिंत चाचपली. सरांचे कान तापले, तरी त्यांनी भिंतीवरचा तो हात उचलून आपल्या हातात घेतला.

"अहो, पोरं बघतायत!"

"बघू देत," सर पुटपुटले. "पाठराखीण काय लपूनछपून येते?"