झेंडूखालचा खटका

पाणी चाकांना लागलं, तरी नलिनी स्टार्टर मारतच होती. पर्यटकांना वाळूवर फिरवणारी आपली जुनी एटीव्ही दसऱ्याला धुऊन समुद्रापाशी आणायची आणि तिथेच सजवून पुजायची, ही तिची दरवर्षीची हौस. आज इंजिन नुसतं घरघरत होतं, पकडत नव्हतं. तिने प्लग पुसला, चोक ओढला, शेवटी शिव्याही घातल्या. भरती चढत होती, आणि घर चालवणारी ही एकच गाडी.

शेजारीच एटीव्ही चालवणाऱ्या चुलतदिराने, मोरेश्वरने, गिऱ्हाइकांवरून वर्षभर अबोला धरला होता. तोच पँट दुमडून पाण्यात शिरला.

“वहिनी, हार घातलाय की गळा आवळलाय तिचा?”

हँडलला करकचून गुंडाळलेल्या झेंडूखाली इंजिन बंद करायचा लाल खटका दबला होता. त्याने दोरा सैल करून तो सरकवला. गाडी एका दमात सुरू झाली.

“भावोजी, बुडाली असती तर सगळी गिऱ्हाइकं तुमचीच होती की.”

“आणि मी भांडलो असतो कुणाशी?”

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. “बसा मागे. आज जेवायला घरी चला.”

दोघं एकाच गाडीवरून वर आले, तेव्हा सगळे स्टॉलवाले वळून बघत होते. बघेनात का, तिला वाटलं.