शिकवलेलं वाक्य

“आत गेल्यावर तू बोलू नगंस. डाक्टरशी म्या बोलतो,” टांग्यातून उतरताना विरुपाक्षानं बायकोला बजावलं. मग टांगेवाल्याकडं वळून म्हणाला, “क्या मामू, दरवाजे तक लेना था ना!”

चंद्रव्वा पोट दाबून उभी होती. “तुमाला तोंडं तरी किती वो?”

विरुपाक्षाला ते कौतुकच वाटलं. बहात्तरच्या दुष्काळात मैंदर्गी गाव सोडून तो सोलापुरात आला आणि कचेरीत चिकटला. शेजारच्या विणकरांशी तेलुगू, टांगेवाल्याशी दखनी, साहेबांशी पुस्तकातली मराठी. ज्याच्या-त्याच्याशी त्याच्यासारखं बोललं की अडत नाही, एवढं तो शिकला होता.

“पोटात कोयता फिरवल्यावानी व्हतंय, एवढं तरी सांगा की,” ती म्हणाली.

“आसलं गावठी ऐकून हसत्याल ते. तुला इचारलंच तर ‘आता बरं आहे’ म्हणायचं. ‘हाय’ न्हाय, ‘आहे’.”

तिनं पायरीवर दोनदा म्हणून बघितलं.

डॉक्टर तरुण होता. एकेक शब्द निवडून बोलायचा. टेबलाच्या कडेला फडक्यात बांधलेली कडक भाकरी होती.

“नेमका काय त्रास होतो?”

“पोटात किंचित वेदना असतात, डॉक्टर. विशेष काही नाही.”

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. चंद्रव्वानं ओठ घट्ट मिटले.

“बाई, आपण सांगा.”

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. “आता बरं आहे.”

एक अक्षर चुकलं नाही. परतताना विरुपाक्षानं तिला गजरा घेतला.

औषधाची बाटली अर्धीही संपली नाही. पाचव्या दिवशी चंद्रव्वा गेली. आतडं फुटलं होतं. आधी का आणलं नाही, असं मोठ्या दवाखान्यात विचारलं, तेव्हा विरुपाक्षानं ती बाटली काढून दाखवली.

महिन्यानं तो बाटली परत द्यायला त्या तरुण डॉक्टरकडं गेला. घरात ती बघवत नव्हती. बाहेरच्या बाकावर बसला. पडद्याआड एक म्हातारी कण्हत होती. मग डॉक्टरचा आवाज आला.

“कोयता फिरवल्यावानी व्हतंय व्हय, मावशी? मग आजच मोठ्या दवाखान्यात जायाचं. आन् येवडे दिस गप का बसलीस? माज्याफुडं कशाला लाजायचं? म्या बी मैंदर्गीचाच हाय की.”