नजरेची उंची

उजेड आधी ओट्याच्या कडेवर आला. परक्या घरात पाऊल टाकताना माणूस थबकतो, तसा तो तिथे बराच वेळ थांबला. मग पालथ्या पातेल्याच्या बुडावर चढला, तिथून भिंतीवर, भिंतीवरच्या तेलकट डागावर, आणि सगळ्यांत शेवटी फडताळातल्या उंच पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर सांडला. कसलीही घाई नव्हती. एक माशी त्यातून आरपार गेली. मग झाकणावर एका बाईचा हात आला आणि त्याने घराची किल्ली अलगद तिथे ठेवली. बाई वळली, दाराशी वाकली, चपला उचलून हातात घेतल्या आणि अनवाणी बाहेर पडली. किल्लीवर उजेड तसाच राहिला.

त्यावर अक्षरे उमटली. ‘कथा’, आणि त्याखाली दिग्दर्शकाचे नाव.

संकलकबाईंनी कळ दाबली. सकाळ पडद्यावर गोठली.

“पोर पुन्हा गेलं,” दिग्दर्शक म्हणाला.

“गेलं.”

“काल संध्याकाळी मी स्वतः बसवून गेलो होतो. उजेड, मग खिडकीतून बघणारं चार वर्षांचं पोर, मग आईचा हात. आज तिसरी सकाळ आहे, बाई.”

बाई चष्मा पुसत राहिल्या. अख्खे युनिट त्यांना माघारी ‘कात्री’ म्हणत असे. आजवर ते नाव त्याला गमतीचे वाटत आले होते.

तो खाली बसला आणि गुडघे पोटाशी आले. खुर्ची कोणीतरी खाली करून ठेवली होती. खुर्चीच्या हातावर गोळीचा एक कागद होता, बारीक घड्या घालून होडीसारखा दुमडलेला. असे कागद दुमडणारे एकच माणूस त्याला ठाऊक होते, त्याची थोरली बहीण. पटकथा वाचून झाल्यावर त्याच माणसाने त्याला विचारले होते, ‘ही गोष्ट तुला कुणी सांगितली रे?’ तो हसला होता. ‘सांगायची कशाला? मी पाहिलंय.’ ती पुढे काही बोलली नव्हती. तेव्हापासून तिच्या न बोलण्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

“ताई आली होती इथे,” तो म्हणाला.

“आली होती. मीच बोलावलं.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं, तर तू तिला आणलं असतंस?”

पाणी कुठे मुरते आहे, ते त्याला एकदम स्वच्छ दिसले. दुपारी चित्रपटाची अंतिम प्रत जायची होती. आधी पोर काढायचे, मग म्हणायचे की ही त्याची आठवणच नव्हे, आणि शेवटी त्या अक्षरांखालचे नाव बदलायचे.

“तिनेच सांगितलं ना, पोर काढा म्हणून?”

“पोर पडद्यावर आलं तशी हसली ती. म्हणाली, ‘गोड आहे हो. राहू दे त्याला.’”

त्याने होडी मुठीत घेतली. राग आला होता खरा, पण आता तो ठेवावा कुठे, ते कळेना.

“मग काढलं कुणी?”

“मी. दोन दृश्यांचा सांधा बसत नाही.” बाईंनी ते पोर शोधून पडद्यावर आणले. खिडकीच्या चौकटीवर केसांचा एक झुपका आणि दोन डोळे. “हे बघतंय. बरोबर?” पुन्हा कळ दाबली. डब्याचे झाकण, किल्ली, आईच्या केसांतला भांग. “आणि हे त्याला दिसतंय. बाबा रे, त्याला डब्याचं बूड दिसेल. झाकण कसं दिसेल? कॅमेरा कुठे लावायचा, हे कुणी ठरवलं?”

कोणीच ठरवले नव्हते. छायाचित्रकाराने विचारले, तेव्हा त्याने क्षणाचाही विचार न करता आपल्या छातीशी तळवा आडवा धरला होता. ‘इथून. याच्या वर नको, खाली नको.’ इतकी खात्री त्याला अख्ख्या चित्रीकरणात दुसऱ्या कशाचीच नव्हती.

“स्टुलावर उभं होतं पोर,” तो म्हणाला.

“चित्रीकरणात, की घरी?”

तो पडद्यावरच्या झाकणाकडे बघू लागला.

“ताई केवढी होती तेव्हा?”

“दहा वर्षांची.” मग जरा थांबून त्याने स्वतःहून तळवा छातीशी नेला, आणि भाजल्यासारखा खाली घेतला. “पण मला आठवतंय, बाई. तेलाचा डाग आठवतोय. ती माशीसुद्धा.”

“आठवत असेल. कुणी रोज रात्री डोक्यावर हात फिरवत सांगितलं, तर मलाही आठवेल.” बाईंचा आवाज प्रथमच मऊ झाला. “तुला खोटं पाडायला नाही मी बसले. एकच सांग, म्हणजे पोर जिथे हवं तिथे बसवून देते. आईने चपला हातात का घेतल्या?”

हा तपशील सगळ्यांना आवडला होता. निर्मात्याने तर टाळी दिली होती.

“आवाज होऊ नये म्हणून.”

“कुणाला जाग येऊ नये म्हणून?”

बाहेर कोणीतरी जिन्यातून शीळ घालत उतरले. पडद्यावर किल्लीवरचा उजेड हलला नाही. त्याने मूठ उघडून ती होडी मेजावर ठेवली आणि बोटाने हळूच सरळ केली.

आई गेली, त्या सकाळी तो झोपलेला होता.